प्रभातचा पडदा आणि आपले साहेबमामा



आळंदीत वर्षातून दोनदा पाय ठेवायला जागा नसते. एकदा माउलींची पालखी पंढरपूरला निघते तेव्हा आणि दुसऱ्यांदा कार्तिकात, समाधी सोहळ्याला. त्या दिवसांत इंद्रायणीच्या घाटापासून बसस्थानकापर्यंत दुकानेच दुकाने लागतात. तुळशीच्या माळा, बुक्का, टाळ, प्रसादाचे पेढे आणि आम्हा मनियारांच्या बांगड्या. कुठेतरी एखाद्या दुकानात ज्ञानेश्वरांचा जुना, काळा-पांढरा सिनेमा लावलेला असतो. भिंत चालू लागली की येणारे-जाणारे थबकतात, हात जोडतात आणि पुढे जातात.

हा 'संत ज्ञानेश्वर' चित्रपट १९४० सालचा. त्याचे दिग्दर्शक म्हणून 'दामले-फत्तेलाल' असे नाव पडद्यावर येते. बऱ्याच जणांना ते एकाच माणसाचे नाव आणि आडनाव वाटते. प्रत्यक्षात ती दोन माणसे होती. एक विष्णुपंत दामले आणि दुसरे शेख फत्तेलाल, कागलचे. प्रभात फिल्म कंपनीत एकाला सगळे दामलेमामा म्हणत आणि दुसऱ्याला साहेबमामा. आळंदीच्या संताची गोष्ट ज्या चित्रपटाने घराघरांत नेली, त्याच्या दोन दिग्दर्शकांपैकी एक मुसलमान होता. आणि त्यात ज्ञानेश्वरांची भूमिका करणारे शाहू मोडक हे अहमदनगरच्या मराठी ख्रिस्ती घराण्यातले होते.

या महिन्यात साहेबमामांविषयी लिहायचे ठरवले, तेव्हा त्यांच्याबरोबर एका वास्तूचीही आठवण आली. त्यांच्या कंपनीचे नाव पुण्यात ऐंशी वर्षे ज्या इमारतीवर झळकत होते, ते अप्पा बळवंत चौकाजवळचे प्रभात टॉकीज.

अप्पा बळवंत चौक म्हणजे पुण्याचा पुस्तकांचा बाजार. जून महिना आला की आळंदी, चाकण, राजगुरुनगर या बाजूचे पालकसुद्धा पाठ्यपुस्तके आणि वह्या घ्यायला तिथे जात. आमचे अब्बा दुकानाचा माल भरायला रविवार पेठेत जायचे. बांगड्यांची खोकी बांधून झाली की आम्हा भावंडांची पुस्तके घ्यायला या चौकात यायचे. आम्हा मुलांना पुस्तकांपेक्षा ओढ असायची ती शेजारच्या प्रभातच्या पाट्यांची. काचेच्या पेटीत लावलेले फोटो, 'आगामी आकर्षण' लिहिलेली चौकट, बाल्कनीचे आणि खालचे तिकीट-दर. आत जायला मिळो न मिळो, त्या फोटोंवरून सगळी गोष्ट रचायची आणि आळंदीला येऊन मैत्रिणींना सांगायची, हा आमचा दरवर्षीचा शिरस्ता होता.

हे थिएटर १९३४ साली उभे राहिले. मालक इंदूरचे सरदार किबे. म्हणून त्याचे मूळ नाव किबे लक्ष्मी थिएटर. पुढे ते भाडेकराराने प्रभात कंपनीकडे आले आणि लोकांच्या तोंडी 'प्रभात' हेच नाव बसले. कंपनी त्याआधी वर्षभर, १९३३ साली, कोल्हापूर सोडून पुण्याला आली होती. तिचा स्टुडिओ गावाबाहेर होता. आज तिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे आणि तिकडे जाणाऱ्या रस्त्याला अजूनही प्रभात रोड म्हणतात. म्हणजे चित्रपट तयार व्हायचा एरंडवण्याच्या माळावर आणि पुणेकर तो पाहायचे पेठेतल्या या पडद्यावर. सुरुवातीला तुतारी फुंकणारी ती स्त्री दिसली की लोकांना कळायचे, आता आपल्या माणसांचा सिनेमा सुरू होतोय.

आजच्या मुलांना मोबाइलवर बोट फिरवले की सिनेमा दिसतो. त्या काळी पडद्यावर चित्र उमटवणे हे अंगमेहनतीचे काम होते, हे त्यांना सांगायला हवे. प्रेक्षकांच्या डोक्यामागे, उंचावर, ऑपरेटरची खोली असायची. तिथे दोन यंत्रे. दिव्याच्या जागी कार्बनच्या दोन कांड्या. त्यांच्यामधल्या विजेच्या ठिणगीचा लखलखीत उजेड फिल्ममधून पडद्यावर जायचा. कांड्या जळून झिजत, त्यामुळे त्यांच्यातले अंतर सारखे जुळवावे लागे. हजार फुटांचे एक रीळ जेमतेम अकरा मिनिटे चालायचे. एका यंत्रावरचे रीळ संपत आले की पडद्याच्या कोपऱ्यात बारीक ठिपका चमकायचा आणि त्याच क्षणी ऑपरेटर दुसरे यंत्र सुरू करायचा. खाली बसलेल्या प्रेक्षकांना त्याचा पत्ता लागू नये, यातच त्याचे कसब. चुकून पडदा पांढरा पडला की शिट्ट्या, आरडाओरडा! त्या तापलेल्या खोलीत घामाघूम होऊन उभ्या असणाऱ्या माणसाचे नाव कुठल्याच पाटीवर नसे.

आता आमच्या घरातला एक पेच सांगते, कारण तो तुमच्यापैकी अनेकांच्या घरात असेल. दादीमाँला सिनेमा मुळीच पसंत नव्हता. "पिक्चर के पीछे नमाज जाती, पैसे भी जाते," हे तिचे ठरलेले वाक्य. अम्मीला मात्र वर्षातून एखादा तरी मराठी सिनेमा पाहावासा वाटे. अब्बांनी दोघींच्या मधला मार्ग काढला. तीनचा खेळ नको, त्यात असर जाते. बाराचा खेळ पाहायचा, म्हणजे तो सुटल्यावर जुहर अदा करता येते. आणि सिनेमा कोणता, हे आधी चौकशी करून ठरवायचे. आजही आपल्या समाजात काही घरे सिनेमा पाहतात, काही पाहत नाहीत. ज्यांना नको वाटतो त्यांच्या भूमिकेचा मान राखूनच मी हे लिहिते आहे. पण सिनेमा पाहणे आणि आपल्या माणसाने काय घडवले हे माहीत असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दादीमाँने कधी थिएटरची पायरी चढली नाही. पण साहेबमामांची गोष्ट अब्बांनी सांगितली, तेव्हा ती सुपारी कातरायची थांबून ऐकत बसली होती.

ती गोष्ट अशी. शेख फत्तेलाल यांचा जन्म १८८६ सालचा, कोल्हापूरजवळच्या कागलचा. हातात कला होती आणि कोल्हापूर हे कलावंतांचे गाव होते. आबालाल रहिमान यांच्यासारखा मोठा चित्रकार त्याच गावातला. नाटकांचे पडदे रंगवणारे आनंदराव आणि बाबुराव पेंटर यांच्या सहवासात फत्तेलाल आणि विष्णुपंत दामले हे दोघे तरुण आले. परदेशी कॅमेरा परवडत नव्हता, म्हणून या मंडळींनी खटपट करून कोल्हापुरातच कॅमेरा बनवला. त्यातून महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. दामले आणि फत्तेलाल यांची जोडी जमली ती इथेच. १९२८ साली 'कर्ण' हा मूकपट दोघांनी मिळून दिग्दर्शित केला.

पुढच्याच वर्षी, १ जून १९२९ रोजी, पाच भागीदारांनी प्रभात फिल्म कंपनी काढली. व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सराफीचा व्यवसाय असलेले सीतारामपंत कुलकर्णी. या पाचांत साहेबमामांकडे कलाविभाग होता. महाल, मंदिरे, दरबार, गावातली घरे, पात्रांचे पोशाख, दागिने यांचा सगळा विचार त्यांचा. १९३२ चा 'अयोध्येचा राजा' हा मराठीतला पहिला बोलपट. त्यातली अयोध्या उभी केली ती साहेबमामांनी. पुण्याच्या नव्या स्टुडिओत झालेल्या 'अमृतमंथन'मधले भव्य, भेदक नेपथ्यही त्यांचेच. काळ्या-पांढऱ्या चित्रात रंग दिसत नाहीत. त्यामुळे उजेड आणि सावली यांवरच सगळी भिस्त. दगडी खांब खरा वाटला पाहिजे आणि झोपडीचा कूड गरिबीचाच वाटला पाहिजे. त्यासाठी चित्रकाराची नजर लागते.

मग १९३६ साली दामले आणि फत्तेलाल यांनी 'संत तुकाराम' दिग्दर्शित केला. तुकारामांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस आणि जिजाईच्या भूमिकेत गौरी. मुंबईच्या सेंट्रल सिनेमात हा चित्रपट वर्षभराहून अधिक, सत्तावन्न आठवडे चालला. १९३७ च्या व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला. आमच्या आळंदीपासून देहू किती जवळ! त्या देहूची गोष्ट साता समुद्रापार गेली. या चित्रपटात देवाचे चमत्कार आहेत, पण लक्षात राहते ती जिजाई. घरात दाणा नाही, पोरे भुकेली आहेत आणि नवरा भजनात दंग, म्हणून चिडणारी, भांडणारी आणि तरीही त्याच्यावर जीव लावणारी बाई. ती कोणत्याही धर्माच्या घरात सापडेल. दिग्दर्शकांनी तिला खलनायिका केले नाही. तिच्या बाजूनेही पाहिले.

त्यानंतर चार वर्षांनी, मे १९४० मध्ये 'संत ज्ञानेश्वर' आला, मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत. आळंदीतल्या त्या चार भावंडांना समाजाने वाळीत टाकले होते, ही या कथेतली मूळ वेदना. संन्याशाची मुले म्हणून त्यांना शिधा मिळत नाही, माणसे दार लावून घेतात, शुद्धिपत्र आणायला पैठणला जा म्हणतात. चित्रपटातली भिंत चालते तेव्हा लोक टाळ्या वाजवतात. पण ज्याने घराबाहेर काढल्याचा अनुभव घेतला आहे, त्याला लहानग्या मुक्ताईचा चेहरा जास्त आठवतो. कदाचित म्हणूनच हा चित्रपट वारकऱ्यांच्या पलीकडेही लोकांना आपला वाटला.

तो करताना कोणी साहेबमामांना 'हा तुमचा विषय नाही' असे म्हणून बाजूला सारले नाही. उलट पुढच्याच वर्षी राजा नेने यांच्यासह या जोडीचा 'संत सखू' आला. म्हणजे पाच वर्षांत मराठी संतांवरचे तीन चित्रपट एका शेख आडनावाच्या माणसाच्या हातून घडले. १९४५ मध्ये दामलेमामा गेले आणि ती जोडी तुटली. साहेबमामा १९६४ पर्यंत होते.

प्रभातच्या घरात असे आणखीही काही घडत होते. १९४१ साली व्ही. शांताराम यांनी 'शेजारी' केला. एका गावातले दोन म्हातारे मित्र, एक हिंदू पाटील आणि एक मिर्झा. दोघे बुद्धिबळ खेळतात, एकमेकांच्या घरात वावरतात. गावाजवळ धरण बांधायचे असते. ज्याला गावकऱ्यांची एकी अडचणीची वाटते, तो माणूस या दोघांत फूट पाडतो. शेवटी धरण फुटते आणि दोन्ही मित्र हातात हात धरून जातात. मराठीत पाटील झाले केशवराव दाते आणि मिर्झा झाले गजानन जागीरदार. हिंदी 'पडोसी'मध्ये तर आणखी गंमत केली. तिथेही मिर्झा जागीरदारच होते, पण हिंदू ठाकूर केला मझहर खान यांनी. हिंदू नटाने मुसलमान साकारायचा, मुसलमान नटाने हिंदू. १९४६ साली, फाळणीच्या तोंडावर, याच कंपनीने 'हम एक हैं' काढला. एक जमीनदारीण वेगवेगळ्या धर्मांची तीन अनाथ मुले एकाच घरात वाढवते, ही त्याची कथा. देव आनंद पहिल्यांदा पडद्यावर आले ते याच चित्रपटात.

थिएटरच्या बाहेरच्या जगातही आपली माणसे होती. पंढरपूरला जन्मलेले मकबूल फिदा हुसेन पुढे जगप्रसिद्ध चित्रकार झाले, पण मुंबईत सुरुवातीला सिनेमाची मोठाली होर्डिंग रंगवून पोट भरत होते. उंच परातीवर चढून नायिकेचा डोळा हातभर रंगवायचा आणि खाली उतरून लांबून पाहायचा. गावोगावी असे पेंटर होते. तुमच्या शहरातल्या जुन्या टॉकीजचे फलक कोण रंगवायचे, तिकीट कोण फाडायचे, मध्यंतरात चहा-भजी कोण विकायचे, हे आठवून पाहा. त्यात एखादे चाचा, एखादे मामू नक्की निघतील.

कंपनी १९५०च्या दशकात बंद पडली, स्टुडिओ सरकारकडे गेला आणि १९६० साली तिथे फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. पण पेठेतले थिएटर दामले कुटुंबाने चालू ठेवले आणि ते मराठी चित्रपटांचे हक्काचे घर राहिले. १९९१ मध्ये 'माहेरची साडी' लागला, तेव्हा तर प्रभातपुढे बायकांची जत्राच भरायची. आमची अम्मी शेजारच्या काकूंबरोबर गेली होती. एक बुरख्यात, एक नऊवारीत. दोघींनी आळंदीहून निघताना घरून दोन-दोन रुमाल घेतले होते आणि परत येईपर्यंत चारही भिजले होते. पुढे कित्येक महिने कोणाच्या सासरी काही घडले की दोघी त्या सिनेमातल्या प्रसंगाचा दाखला द्यायच्या. घरातल्या बाईला एकटीला जिथे जाता येत नव्हते, तिथे शेजारणीबरोबर जाता येत होते. जुन्या टॉकीजचे हे उपकार बायका विसरणार नाहीत.

डिसेंबर २०१४ मध्ये भाडेकरार संपला. दामले कुटुंबाने थिएटर किबे घराण्याकडे परत दिले आणि 'प्रभात' हे नाव उतरले. इमारतीला तिचे पहिले नाव परत मिळाले, किबे लक्ष्मी थिएटर. इथे कोणी कोणावर अन्याय केला असे नाही. मुदत संपली, मालकाची वस्तू मालकाकडे गेली. पण ऐंशी वर्षांची पाटी उतरली, तेव्हा पुणेकर हळहळले. बाकीच्या एकपडदा थिएटरांची गत तर याहून वाईट आहे. मंडईतले आर्यन हे पुण्यातले अगदी सुरुवातीचे सिनेमागृह. ते १९८०च्या दशकातच पाडले गेले. पुढे २००१ पासून मल्टिप्लेक्सना करमणूक करात सवलत मिळाली. जुन्या थिएटरांना मात्र नऊशे-हजार खुर्च्या भरायच्या होत्या, तशीच वीज जाळायची होती आणि शहराच्या मध्यावरच्या जागेचे मोल सिनेमाच्या कमाईपेक्षा कितीतरी जास्त झाले होते. आज पिंपरी-चिंचवडच्या मॉलमध्ये सिनेमा पाहायला जायचे म्हटले तर चौघांच्या तिकिटांत आणि लाह्यांत चाकणच्या कारखान्यातल्या कंत्राटी कामगाराचा दोन-तीन दिवसांचा पगार जातो. मग शेजारपाजाऱ्यांना बरोबर घेऊन जाणे कसे होणार?

थिएटर गेले तर जाऊ दे, काळ बदलतोच, असे कोणी म्हणेल. मला काळजी वेगळी वाटते. इमारतीबरोबर तिची गोष्टही जाते. माझी मुलगी बारावीत आहे. एका कार्यक्रमात तिने सूत्रसंचालन केले, तेव्हा एका पाहुण्यांनी तिला कौतुकाने विचारले, "तुम्ही लोक इतके शुद्ध मराठी कुठे शिकता?" त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण पोर घरी येऊन गप्प बसली. चार पिढ्या आळंदीत बांगड्या भरणाऱ्या घरातल्या मुलीला मराठी कुठे शिकलीस, असे विचारले जाते. महाराष्ट्रातल्या आपल्या बहुतेक मुला-मुलींनी हा प्रश्न कधी ना कधी ऐकलेला आहे.

त्या रात्री मी तिला साहेबमामांची गोष्ट सांगितली. वाद घालायला नाही, भांडायला नाही. फक्त एवढे कळावे म्हणून की मराठी संस्कृतीच्या घरात आपण पाहुणे नाही. त्या घराच्या भिंती उभारणाऱ्यांत आपलेही हात आहेत. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःहून 'संत तुकाराम' शोधून काढला आणि सुरुवातीची नावे थांबवून थांबवून वाचली.

वाचकहो, माझी तुम्हाला एक विनंती आहे. घरात नाना-नानी, दादा-दादी असतील, तर या ईदच्या सुट्टीत त्यांच्याजवळ बसा. त्यांच्या गावातले टॉकीज कोणते होते, तिकीट किती होते, पहिला सिनेमा कोणाबरोबर पाहिला, घरून परवानगी कशी मिळाली, जत्रेतल्या तंबूतला सिनेमा आठवतो का, हे विचारा. ज्यांनी कधी सिनेमा पाहिला नाही त्यांनाही विचारा, कारण का पाहिला नाही हीसुद्धा एक आठवण असते. मुलांना ते वहीत लिहून घ्यायला सांगा, तारीख आणि गावाच्या नावासह. घरात जुने तिकीट, फोटो किंवा कुणा पेंटर चाचांच्या हातचे चित्र असेल, तर ते रद्दीत जाऊ देऊ नका. तुमच्या वहीतले एक-एक पान मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. मिरज, मालेगाव, सोलापूर, परभणी, रत्नागिरी, जिथले असेल तिथले. पुढच्या काही अंकांत या पानासाठी मी त्यातली पत्रे निवडणार आहे.

अल्लाह हाफिज.